घुमणारी खोली आणि घरचा कापूस

आजीच्या ओव्या किंवा मुलांचें गाणें घरच्या घरीं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करण्याची सोय आज बहुतेक कुटुंबांस झाली आहे. परंतु मागाहून ऐकावयास बसलें असतां शब्द एकमेकांत मिसळलेले आढळतात, आणि दोष यंत्रास दिला जातो. खरा दोष बहुधा खोलीचा असतो.

ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. सिमेंटची भिंत व फरशी त्याचा फारच थोडा अंश शोषून घेतात. उरलेला परत फिरून पुनःपुन्हां कानीं येतो. विजापूरच्या गोलघुमटांत ज्याची मौज वाटते, तेंच येथें लहान प्रमाणांत घडून नुकसान करितें.

१८९५ च्या सुमारास अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकानें जवळच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या आणून तेथें मांडल्या. जसजशा गाद्या वाढल्या, तसतसा घुमण्याचा काळ घटला. मऊ, सच्छिद्र पदार्थांत शिरलेलीं हवेचीं कंपनें तंतूंशीं घासून उष्णतेंत रूपांतर पावतात, हें त्याचें कारण.

हिंगणघाट व पुलगांव हीं नांवें ज्या कापसामुळें सर्वांस ठाऊक झालीं, तोच येथें उपयोगीं पडतो. घरांतील जुनी कापसाची गादी गाणाऱ्याच्या पाठीमागें उभी करावी, दोन्ही बाजूंस दोरीवर जाड गोधड्या टांगाव्या, खालीं सतरंजी अंथरावी. गोधडी भिंतीपासून वीतभर पुढें असल्यास अधिक गुण येतो. कारण भिंतीलगत हवेचे कण फारसे हालत नाहींत. पातळ चादर केवळ उंच स्वर शोषिते. खर्जाची लहर कित्येक मीटर लांब असल्यानें तिला जाड थरच हवा. अंड्यांचे पुठ्ठे चिकटविण्याची रीत या कारणानेंच फारशी फलदायी होत नाहीं.

या उपायानें खोलींतील घुमणें कमी होतें. रस्त्यावरील गलबला थांबत नाहीं. त्याकरितां पहांटेची निवांत वेळ निवडावी व पंखा बंद ठेवावा. कापसाजवळ दिवा मुळींच नेऊं नये.

गादी लावण्यापूर्वीं एक टाळी वाजवावी, लावल्यावर दुसरी वाजवावी. फरक कानासच कळेल. मुद्रणांत शिरलेला घुमारा मागाहून पुरता काढतां येत नाहीं, आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज पुन्हां मिळेलच असें नाहीं. म्हणून ही टाळी आधीं वाजविलेली बरी.