रक्तदाबावरील संयुक्त औषधे : प्राणी-प्रयोगांतून दिसणारी आंतरक्रिया

प्रस्तावना :
उच्च रक्तदाब अनेक रुग्णांत एका औषधाने आटोक्यात येत नाही. म्हणून दोन वा अधिक औषधे एकत्र दिली जातात. अशा संयोगाचा परिणाम केवळ बेरजेइतका असतो, अधिक असतो की कमी, हा औषधशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न होय.

सर्पगंधेचे उदाहरण :
मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या संशोधकांनी या वनस्पतीतून रिसर्पिन वेगळे केले. पुढे ते हायड्रॅलॅझिन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांच्या जोडीने वापरले गेले. हायड्रॅलॅझिन धमनिकांचे प्रसरण करते. परंतु प्रतिक्षिप्त क्रियेने हृदयाचे ठोके वाढतात व मूत्रपिंडे क्षार साठवितात. रिसर्पिन चेतातंतूंतील नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा रिकामा करून पहिली प्रतिक्रिया शमविते, तर थायझाइड दुसरी. अशा रीतीने प्रत्येक औषध दुसऱ्याची उणीव भरून काढते.

प्रयोगाची पद्धती :
ओकामोतो व आओकी यांनी १९६३ मध्ये क्योतो येथील संशोधनातून जन्मजात उच्च रक्तदाबाच्या उंदरांचा वाण प्रसिद्ध केला. अशा उंदरांचे किमान चार गट केले जातात : नियंत्रण गट, पहिले औषध, दुसरे औषध व दोन्ही औषधे. समान परिणाम देणाऱ्या मात्रांच्या निम्म्या-निम्म्या मात्रा एकत्र दिल्यावर तेवढाच परिणाम मिळाला, तर तो संयोग बेरीजधर्मी; अधिक मिळाला तर सहक्रियात्मक; कमी मिळाला तर विरोधी मानावा. मात्र एक औषध दुसऱ्याचा चयापचय मंदावूनही परिणाम वाढवू शकते. म्हणून रक्तातील औषधांचे प्रमाण मोजणे अगत्याचे ठरते.

मर्यादा :
रक्तदाब अधिक उतरला म्हणजे रुग्णाचे हित साधले, असे नव्हे. रॅमिप्रिल व टेल्मिसार्टन ही एकाच रेनिन-अँजिओटेन्सिन संस्थेवर क्रिया करणारी औषधे आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑनटार्गेट' या २५,६२० रुग्णांवरील चाचणीत दोहोंच्या संयोगाने रक्तदाब किंचित अधिक उतरला; परंतु हृदयविकार व पक्षाघात टाळण्यात अधिक लाभ झाला नाही. उलट मूत्रपिंडांच्या तक्रारी व मूर्च्छेचे प्रमाण वाढले.

निष्कर्ष :
भिन्न मार्गांनी क्रिया करणारी औषधे परस्परांना पूरक ठरण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच प्राणी-प्रयोगांत केवळ रक्तदाबाचा आकडा न नोंदविता हृदयगती, पोटॅशियम व क्रिएटिनीन यांचीही नोंद व्हावी. प्राणी-प्रयोग संयोगाची दिशा दाखवितात. अंतिम निर्णय मात्र मानवी चाचण्यांनीच द्यावयाचा असतो.