केसाची उपत्वचा

केसाची उपत्वचा हे केसाच्या दंडाचे सर्वांत बाहेरचे आवरण होय. घर्षण, पाणी व रसायने यांपासून ते आतील बाह्यकाचे रक्षण करते. केसाची चमक व मऊपणा प्रामुख्याने याच आवरणावर अवलंबून असतो.

रचना
उपत्वचा सपाट, मृत पेशींची बनलेली असते. या पेशी छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या असून त्यांच्या मोकळ्या कडा केसाच्या टोकाकडे असतात. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोटे फिरवल्यास केस गुळगुळीत, तर उलट दिशेने खरखरीत लागतो. प्रत्येक पेशीची जाडी सुमारे ०.५ मायक्रोमीटर असते. माणसाच्या डोक्यावरील केसात मुळाजवळ अशा पेशींचे साधारणपणे ५ ते १० थर आढळतात.

प्रथिने
बाह्यकात केराटिनाचे तंतू व्यवस्थित मांडलेले असतात. उपत्वचेतील प्रथिने मात्र मुख्यतः अतंतुमय व गंधकसमृद्ध असतात. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंतील गंधकाचे अणू जोडले जाऊन डायसल्फाइड बंध तयार होतो. असे बंध जितके अधिक, तितका थर कठीण. पेशीच्या सर्वांत बाहेरच्या ‘ए’ थरात सिस्टीनचे प्रमाण सुमारे ३० टक्के, त्याखालील बहिःउपत्वचेत सुमारे १५ टक्के, तर अंतःउपत्वचेत केवळ ३ टक्के असते. म्हणून अंतःउपत्वचा पाण्याने सर्वाधिक फुगते आणि ओल्या केसाच्या उपत्वचेला विंचरताना सहज इजा होते.

मेदाचा थर
पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना १८-मिथिलआयकोसॅनॉइक आम्ल हे मेदाम्ल थायोएस्टर बंधाने जोडलेले असते. त्यामुळे निरोगी केसाचा पृष्ठभाग जलरोधी राहतो व घर्षण कमी होते.

हानी व संरक्षण
केसांचा रंग उडवताना वापरले जाणारे अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड हा मेदाचा थर काढून टाकते व डायसल्फाइड बंध तोडून सिस्टेइक आम्ल निर्माण करते. पृष्ठभाग ऋणभारित व जलस्नेही होतो. केस राठ होऊन गुंततात. कंडिशनरमधील धनभारित रेणू अशा जागी चिकटतात, परंतु हा लेप तात्पुरता असतो. पेशी मृत असल्याने उपत्वचा स्वतःची झीज भरून काढू शकत नाही. अखंड उपत्वचा मुळापासून वाढणाऱ्या नव्या केसालाच लाभते. त्यामुळे येथे उपचारापेक्षा जपणूक महत्त्वाची ठरते. रेले व मोहिले यांच्या २००३ मधील अभ्यासात खोबरेल तेलामुळे केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी झाल्याचे आढळले. सूर्यफूल तेल व खनिज तेल यांचा तसा परिणाम दिसला नाही.