खाद्यगाडीचे जॅक: जत्रेआधी एवढं कराच

ताईंनो, ज्या गटांकडे जीपच्या मागे जोडून न्यायची खाद्यगाडी आहे, त्यांच्यासाठी हा लेख. शेगडी, सिलिंडर, भांडी सगळ्यांची आपण काळजी घेतो. पण गाडीच्या चार कोपऱ्यांखालच्या जॅककडे कुणी बघत नाही. उकळत्या तेलाची कढई शेगडीवर असताना गाडी डुलली, तर भाजतं ते आपल्यालाच.

जॅकचं काम काय?
गाडीचं वजन चाकांनीच पेलायचं. जॅक फक्त गाडी हलू देत नाहीत. म्हणून जॅकने चाकं उचलायची नाहीत. तसं केलं की जॅक वाकतो. आधी गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, मगच जॅक खाली सोडा. पाय जमिनीला घट्ट टेकला की थांबा. वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर चढ-उतार असतो. नृसिंहवाडीला नदीकाठची माती मऊ, पाय रुततो. म्हणून प्रत्येक जॅकखाली जाड फळी ठेवाच.

जॅक जड का होतो?
जॅकच्या मधे आटे असलेला लांब स्क्रू असतो. हँडल फिरवलं की तो जॅक उघडतो, मिटतो. रस्त्यावरची धूळ आणि पावसाचं पाणी थेट या आट्यांवर उडतं. आधी गंज धरतो, मग हँडल फिरत नाही. जोर लावला की आटे झिजतात, आणि झिजलेला जॅक भार आल्यावर घसरतो.

साफसफाई आणि ग्रीस
१. शेगडी बंद, सिलिंडर बाजूला. चाकांना ठोकळे. गाडीखाली शिरू नका, बाजूनेच काम करा.
२. तारेच्या ब्रशने आट्यांतली माती आणि गंज काढा. थोड्या डिझेलने पुसा, मग कोरड्या फडक्याने स्वच्छ करा.
३. ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जॅक दोन-तीन वेळा पूर्ण खाली-वर करा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ. ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी आटे घासते.
४. सांध्यांच्या पिनांवर मशीन तेलाचे दोन-दोन थेंब.
५. खाण्याचं तेल वापरू नका, ते वाळून चिकट होतं. गंज सुटायचा स्प्रे मारला तरी नंतर ग्रीस लागतंच.

काम झाल्यावर हात साबणाने धुवा. ती फडकी स्वयंपाकाच्या सामानात ठेवू नका.

केव्हा करायचं?
चैत्र यात्रेच्या आधी एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा. गगनबावडा, राधानगरीसारख्या जास्त पावसाच्या भागात मधेही बघत राहा. पाय वाकलाय, वेल्डिंगला चीर आहे किंवा बोल्ट ढिला आहे असं दिसलं, तर गॅरेजमध्ये दाखवल्याशिवाय गाडी लावू नका.

परत निघताना चारही जॅक पूर्ण वर घेतलेत ना, हे एकीने हाताने तपासायचं. एखादा खाली राहिला, तर पहिल्याच गतिरोधकाला मोडतो.

पुढच्या बैठकीत दोघींची नावं ठरवा आणि तारखा वहीत लिहा. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही, बघा.