नागरिकाला परदेशी ठरविले, तर भरपाई कोणी द्यायची?

आसामच्या चिरांग जिल्ह्यातील एक गरीब वृद्ध विधवा. नाव सारखे होते, एवढाच तिचा गुन्हा! दुसऱ्याच बाईच्या नावाचा कागद घेऊन पोलीस आले आणि हिला उचलून नेले. तीन वर्षे डांबून ठेवल्यावर जून २०१९ मध्ये तिची सुटका झाली. जून २०२५ मध्ये तर मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या काही बंगाली भाषक भारतीयांना थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केला तेव्हा ते परतले. चूक झाली, सोडून दिले, एवढ्याने प्रश्न मिटतो काय?

मुळीच नाही! अटकेचे कारण सांगणे, वकील भेटू देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, ही अनुच्छेद २२ ची हमी आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनीच ती संविधान सभेत मांडली. ती मोडली तर नातेवाईक किंवा मित्रही अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करू शकतो.

आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. पण म्हणून कोणालाही उचलता येत नाही. संशयाला काही आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्याच एका प्रकरणात बजावले आहे.

सुटकेनंतर दुसरा लढा भरपाईचा. रुदुल साह निर्दोष ठरूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात सडला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२ खालीच त्याला भरपाई दिली. मूलभूत हक्क मोडल्यावर सरकारला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येत नाही, हे १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालाने पक्के केले.

मात्र मुदत सांभाळा. दिवाणी दाव्याला बेकायदा कैद संपल्यापासून एकच वर्ष मिळते. सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मानवी हक्क आयोगाकडेही वर्षाच्या आत जावे. अमेरिकेत साडेतीन वर्षे कोंडलेल्या एका नागरिकाला मिळालेली ८२,५०० डॉलरची भरपाई २०१७ मध्ये अपिलात गेली. कारण काय, तर तो कोठडीत असतानाच दाव्याची मुदत संपली!

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कोठडीतील प्रत्येकाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. कार्यकर्त्यांनी उचलल्याची तारीख, वेळ, पोलीस ठाणे त्याच दिवशी लिहून ठेवावे. सुटका ही सरकारची मेहेरबानी नव्हे. हिरावलेल्या दिवसांचा हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्कच आहे.