पुढचा एक दाता, मागचे तीन
दुचाकीचं अंतरंग : लेखांक ६

गेल्या आठवड्यात गिअरबॉक्सच्या आतले गिअर पाहिले. आज त्याच्या बाहेरचा, सगळ्यांत शेवटचा गिअर पाहू. पुढची लहान चक्री, मागच्या चाकावरची मोठी चक्री आणि दोघींना जोडणारी चेन मिळून तो होतो. इंजिन न उघडता गाडीचा स्वभाव बदलायचा तर हात घालण्याजोगी हीच जागा आहे, त्यामुळे तिच्याबद्दल फुकटचे सल्लेही भरपूर मिळतात. निर्मळ, वाघोली, गास या पट्ट्यात त्यातला एक हमखास ऐकू येतो : ‘पुढची चक्री एका दात्यानं मोठी टाक, अ‍ॅव्हरेज वाढतं.’ इथल्या रस्त्यांवर आणि इथल्या कामांसाठी हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब. समजा, पुढच्या चक्रीला १४ दाते आहेत आणि मागच्या चक्रीला ४२. पुढची तीनदा फिरेल तेव्हा मागचं चाक एकदा फिरेल. या तिप्पट घटीच्या बदल्यात चाकाला जोरही तिप्पट मिळतो. पहारीनं दगड उचलताना हात जास्त हलतो आणि दगड थोडाच उचलला जातो, पण उचलला जातो; तसंच हे. आता पुढं १५ दाते लावले. ४२ भागिले १५ म्हणजे २.८. चाकाला मिळणारा जोर जवळजवळ सात टक्क्यांनी घटला. त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तेवढेच उतरले : आधी ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर आता सुमारे ४,६७० घेईल. आवाज शांत होतो, हँडलची थरथर कमी होते आणि चालवणाऱ्याला वाटतं, गाडी मोकळी झाली. मोकळ्या, सपाट हायवेवर एकट्यानं एकाच वेगात जायचं असेल तर पेट्रोलही थोडं वाचू शकतं.

पण निर्मळच्या गाड्या अशा धावत नाहीत. पहाटे वाडीतून फुलांची गाठोडी किंवा भाजीचे हारे मागं बांधायचे, अरुंद वळणावळणाच्या गल्ल्यांतून नालासोपारा नाहीतर वसई स्टेशन गाठायचं आणि तिथून माल लोकलनं दादरला. रस्ता सपाट, पण दर शंभर-दोनशे मीटरवर वळण, गतिरोधक, समोरून येणारी एसटी किंवा रिक्षा. इथं गाडी टॉपमध्ये कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जास्त असते. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा सुरू झाली की पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीनं न्यावी लागते. पुढची चक्री मोठी असेल तर पहिल्या गिअरचा किमान वेगही सात टक्क्यांनी वाढलेला असतो. तेवढं हळू जायचं म्हणजे सतत हाफ क्लच. त्यात क्लच प्लेटा घासतात, तापतात, आणि दात्यामागं वाचवलेलं पेट्रोल तिथंच खर्ची पडतं.

गॅरेजात अशा गाडीची तक्रार ठरलेली असते. ‘काका, टॉपला टाकली की गुदमरते.’ काकांचं उत्तरही ठरलेलं : ‘मग तिसऱ्यावर चालव.’ म्हणजे चार गिअरच्या गाडीला कामापुरते तीनच गिअर उरले. इंजिनाचे फेरे उतरवायला चक्री बदलली आणि गिअर उतरवून ते फेरे पुन्हा चढवले.

मोठ्या चक्रीनं टॉप स्पीड वाढतो, हाही असाच पक्का बसलेला समज. वेग दीडपट झाला तर हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. लहान इंजिनाची ताकद एका वेगाला या विरोधाशी बरोबरीत येते, आणि त्यापुढं गाडी जात नाही. कंपनीनं चक्र्या बहुधा अशा निवडलेल्या असतात की त्याच सुमाराला इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या फेऱ्यांजवळ असावं. पुढची चक्री मोठी केली की इंजिन त्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही आणि टॉप स्पीड उलट कमी होऊ शकतो. पावसाळ्यात कळंब-राजोडीच्या बाजूला समुद्रावरचा वारा छातीवर घेऊन मागं माणूस बसवून जाऊन पाहा. फरक लगेच कळेल. चक्री बदलून इंजिनाची ताकद वाढत नाही. असलेली ताकद कोणत्या वेगाला वापरायची, एवढंच ठरतं.

आता उलट बाजू. पुढं १३ दाते लावले तर प्रमाण ३.२३ होतं आणि जोर साडेसात टक्क्यांच्या वर वाढतो. लोक ‘पिकअप वाढलं’ म्हणतात ते हेच. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० वर पोरांनी हा प्रयोग खूप केला. ओझं वाहणाऱ्याला आणि घाट चढणाऱ्याला तो खरोखर उपयोगी आहे. निर्मळहून मनोर, विक्रमगड करत जव्हारला गेलात तर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास चढता. मागं माणूस, पाठीवर बॅग आणि १०० सीसीचं इंजिन असेल तर तिथं एका दात्याचा फरक वळणावळणाला जाणवतो. उतरताना फायदा वेगळा : थ्रॉटल सोडलं की इंजिनच गाडीला जास्त धरून ठेवतं आणि ब्रेक कमी तापतात. किंमत मोजावी लागते ती हायवेला. विरार फाट्याच्या पुढं ताशी ७० वर इंजिन ओरडत राहतं.

मग जोर वाढवायचा तर पुढची लहान करावी की मागची मोठी? तिपटीच्या प्रमाणात पुढचा एक दाता आणि मागचे तीन दाते साधारण सारखेच. १४ ला ४५ लावले तर ३.२१ येतं, म्हणजे १३ ला ४२ च्या अगदी जवळ. पुढची चक्री स्वस्त असते आणि लवकर बदलते, म्हणून फिटर तिलाच हात घालतो. पण चक्री जितकी लहान तितकी चेन तिच्याभोवती जास्त वाकते, दर दात्यावर बसणारा ताण वाढतो आणि झीज लवकर होते. मला विचाराल तर रोज ओझं वाहणाऱ्यानं मागची मोठी करावी आणि पुढचीला धक्का लावू नये. त्यासाठी चेन पुरते का ते आधी पाहावं लागतं. लहान गाड्यांना येणाऱ्या ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची असते. मागं तीन दाते वाढले की चाक सुमारे साडेनऊ मिलिमीटर पुढं सरकतं. अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर लांब चेन घ्यावी लागते, आणि ती नेहमी दोन-दोन कड्यांनीच वाढते, कारण आतली आणि बाहेरची कडी एकाआड एक असते.

याच एकाआड एक रचनेमुळं दात्यांची विषम संख्या चांगली. कड्या सम असतात; चक्रीचे दातेही सम असले तर एका दात्यावर कायम आतलीच कडी येते आणि शेजारच्या दात्यावर कायम बाहेरची. झीज एकसारखी होत नाही. दाते विषम असले की प्रत्येक दात्यावर दोन्ही तऱ्हेच्या कड्या आळीपाळीनं येतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळा : जुन्या चेनवर नवी चक्री. मागच्या चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांत धरून बाहेर ओढा. अर्धा दाता उघडा पडला तर चेन ताणलेली आहे. माप घ्यायचं असेल तर चेन ताठ धरून २० कड्या मोजा : नवी असताना २५४ मिलिमीटर भरतात, २५९ झाल्या की दोन टक्के ताण आला आणि तिचं काम संपलं. झिजलेल्या चक्रीचे दाते एका बाजूला झुकून टोकदार झालेले असतात. ताणलेली चेन नव्या दात्यांवर नीट बसत नाही आणि त्यांनाही काही महिन्यांत तसंच करून टाकते. म्हणून बदलायचा तर पूर्ण चेनसेट बदला, आणि चाक उघडलंच आहे तर हबमधली रबरंही पाहून घ्या. चेन लॉकची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं जाते त्या दिशेला हवं. उलटी लागली तर एखाद्या खड्यानं निघू शकते, आणि धावत्या गाडीची चेन सुटली तर ती मागचं चाकच अडकवू शकते.

आपल्याकडं किनारा जवळ. खारी हवा आणि वाळू चेनला जितकी खाते तितकी पळवण्यानं ती झिजत नाही. दिसायला छान म्हणून चेन कव्हर काढून टाकलेल्या गाड्या पाहिल्या की मला वाईट वाटतं. तो पत्रा चेनचं आयुष्य सांभाळतो. चेन कव्हर मोठ्या चक्रीला घासत असेल तर चक्रीचा आकार पुन्हा विचारात घ्या, कव्हर काढू नका.

स्पीडोमीटरचं काय, असं अनेक जण विचारतात. केबल पुढच्या चाकातून येत असेल तर काहीच फरक पडत नाही. काही गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या बाजूनं मोजला जातो. तिथं मोठ्या पुढच्या चक्रीनं काटा खरा वेग कमी दाखवेल, लहान चक्रीनं जास्त. तुमची गाडी कोणत्या तऱ्हेची आहे ते आधी पाहून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर चक्री बदलण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं.

नवा सेट बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये चेन एकदा सैल होतेच. मधोमध बोटानं वर-खाली दाबून ढिलाई पाहा. बहुतेक लहान गाड्यांना ती दोन ते तीन सेंटिमीटर लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गाडीवर माणूस बसल्यावर चेन आणखी ताणली जाते, म्हणून अगदी ताठ ठेवू नका. पुढच्या आठवड्यात टायर : मागचा टायर एक माप जाड घेतला तर आज केलेला सगळा हिशेब कसा बदलतो ते पाहू.