अंडाशय, इन्सुलिन आणि शरीराचे वजन

बैठे काम करणाऱ्या सुशिक्षित बंगाली वर्गातील मधुमेहाची चर्चा विसाव्या शतकाच्या आरंभीच कलकत्त्याच्या डॉक्टरांत सुरू झाली होती. पुढे १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या बहुपुटी अंडाशयांचे वर्णन केले. वरवर पाहता या दोन विकारांचा परस्परांशी संबंध नव्हता. १९८० नंतरच्या संशोधनाने त्यांना जोडणारा दुवा दाखवून दिला. तो म्हणजे इन्सुलिन होय.

भात पचल्यावर रक्तात साखर वाढते व ती स्नायूंपर्यंत पोहोचविण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. या विकारात स्नायू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. अंडाशय मात्र त्याला प्रतिसाद देतच राहतो आणि पुरुषी संप्रेरके अधिक प्रमाणात निर्माण करतो. बीजपुटकांची वाढ अर्ध्यावर थांबते, पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात. मेद वाढला की इन्सुलिनचा हा अवरोध आणखी तीव्र होतो. म्हणून अशा स्त्रीच्या वाढत्या वजनास केवळ तिची हयगय कारणीभूत आहे, असे मानणे अन्यायाचे आहे.

सडपातळ स्त्रीही या विकारापासून मुक्त असतेच असे नाही. भारतीयांमध्ये पोटाभोवतीचा मेद तुलनेने कमी वजनातही साचतो. १५५ सेंटिमीटर उंचीच्या व ५८ किलोग्रॅम वजनाच्या कोलकात्यातील तरुणीचा देहभारांक सुमारे २४ येतो. जागतिक मर्यादा २५ असल्याने ती निरोगी ठरते. परंतु आशियाई लोकांसाठी सावधगिरीची मर्यादा २३ आहे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हीदेखील धोक्याची सूचना होय. म्हणूनच २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, वजन कितीही असले तरी, निदान होताच रक्तातील साखर तपासणे व पुढे दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा तपासणे इष्ट ठरते.

उपायासाठी भात-मासे सोडण्याचे कारण नाही. कोणताही एक विशिष्ट आहार इतरांहून श्रेष्ठ ठरलेला नाही. भात व मिठाई बेताने, डाळी व भाज्या अधिक आणि आठवड्यात किमान अडीच तास झपझप चालणे, इतके पथ्यही उपयोगी पडते. व्यायामाने स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतात. हा लाभ वजन उतरले नाही तरी मिळतो. काट्यावरील आकडा हलला नाही म्हणून प्रयत्न सोडणे, यासारखी दुसरी चूक नाही.