प्रकाशाने फिरणारी कळ

कळ दाबली की दिवा लागतो, हे आपण रोजच पाहतो. आज मला याच्या नेमका उलटा प्रकार सांगावयाचा आहे. येथे आधी उजेड पडतो आणि मग कळ फिरते. आणि ती कळ म्हणजे अवघा एक रेणू!

अशी कळ पाहण्यासाठी दूर जावयास नको. ती आपल्या डोळ्यांतच आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यातील प्रकाशग्राही पेशींत रेटिनल नावाचा रेणू असतो. अंधारात तो वाकलेला असतो; प्रकाश पडताच सरळ होतो. त्याला वेढून असलेल्या प्रथिनाला त्यामुळे धक्का बसतो, आणि मेंदूकडे संदेश जाण्याची साखळी सुरू होते. हे रसायन उलगडण्याच्या कामाबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मग माणसाला अशी कळ बनवता येईल का? तिचे साहित्य हाताशी होते. ॲझोबेंझीन या पदार्थाच्या रेणूत कार्बनची दोन कडी नायट्रोजनच्या दोन अणूंनी जोडलेली असतात. प्रकाशाने हा रेणू वाकतो, हे हार्टले यांनी १९३७ साली दाखवले. सरळ असताना त्याची लांबी सुमारे ९ आंगस्ट्रॉम. वाकला की साडेपाच.

पण एक अडचण होती. साध्या ॲझोबेंझीनला नीट वाकवण्यास जंबुपार, म्हणजे अतिनील, किरण लागतात. हे किरण पेशींना अपाय करतात. शिवाय डोळ्याचे भिंग त्यांतील बहुतेक अडवून धरते. म्हणजे कळ आहे, पण तिच्यापर्यंत हात पोचत नाही!

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. काही आनुवंशिक रोगांत प्रथम रातांधळेपणा येतो, पुढे दृष्टीच जाते. प्रकाशग्राही पेशी मरतात. परंतु त्यांच्यामागच्या, मेंदूला संदेश पोचवणाऱ्या मज्जापेशी पुष्कळशा जिवंत राहतात. तारा शाबूत, बटण तेवढे गेलेले. तेथे नवी कळ बसवली तर?

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रिचर्ड क्रेमर यांच्या गटाने हेच केले. त्यांचा रेणू मज्जापेशीतील विद्युतभारित कणांच्या दारात बोळ्यासारखा बसतो. उजेडात वाकला की दार मोकळे होते आणि पेशीचे संदेश बदलतात. २०१२ साली त्यांनी आंधळ्या उंदरांवर वापरलेल्या रेणूला अतिनीलाच्या बाजूचा प्रखर प्रकाश लागे. मग रेणूच्या टोकाला एक वेगळा अणुसमूह जोडण्यात आला. एवढ्याशा फेरफाराने तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाने वाकू लागला आणि अंधारात आपोआप सरळ होऊ लागला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एका टोचणीनंतर काही दिवस आंधळे उंदीर दिवसाच्या साध्या उजेडाला प्रतिसाद देत होते. निरोगी दृष्टिपटलावर मात्र या रेणूचा परिणाम दिसला नाही. याच जातीच्या एका रेणूची माणसांवरील चाचणी २०२२ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे सुरू झाली.

याला उपाय सापडला असे समजून कोणी आशेने धाव घेऊ नये. असा रेणू पुन्हा पुन्हा टोचावा लागतो, आणि त्यातून येणारी दृष्टी आपल्या दृष्टीसारखी नव्हे. परंतु ज्याच्या घरात असा रोगी आहे, त्याला विचारा. खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढे उमगणे, हीसुद्धा त्याच्या लेखी थोडी गोष्ट नाही.